बुटका सलामीवीर आणि ७७४ धावा

देवपुरातल्या कुठल्याही मैदानावर एखादा बुटका पोऱ्या पॅड बांधून सलामीला निघाला, की कोणीतरी म्हणतंच, "अरे, गावसकरबी एवढाच होता ना!" पाच फूट पाच इंच. तुलना बरोबर आहे. पण १९७१च्या वेस्ट इंडीज दौऱ्याची गोष्ट पुढे रंगू लागली, की तिच्यात भलतंच मिसळतं.

पहिली भेसळ अशी, की एकवीस वर्षांच्या गावसकरनं पहिल्याच मालिकेत मार्शल-होल्डिंग-रॉबर्ट्स-गार्नर यांच्या वेगवान माऱ्याला तोंड दिलं. तसं काहीही नव्हतं. १९७१मध्ये त्या चौघांपैकी एकही कसोटी खेळलेला नव्हता. हॉल आणि ग्रिफिथ ही आधीची जोडगोळी निवृत्त झालेली. समोर होते सोबर्स, होल्डर, शिलिंगफर्ड, डाऊ, शेफर्ड. आणि गावसकरच्या पदार्पणाच्या डावात नऊ बळी घेणारा गोलंदाज तर नोरिगा नावाचा फिरकीपटू. चार वेगवानांचा तोफखाना १९७६पासून उभा राहिला. गावसकरनं वेस्ट इंडीजविरुद्ध तेरा शतकं केली खरी, पण चार १९७१ची आणि चार १९७८-७९च्या मायदेशातल्या मालिकेतली, जेव्हा वेस्ट इंडीजचे बडे खेळाडू पॅकरच्या खासगी क्रिकेट मालिकेकडे गेले होते. म्हणून ती हलकी ठरतात का? मुळीच नाही. १९७१मध्ये हेल्मेटच नव्हतं, आणि पुढेही त्यानं ते कधी घातलं नाही. कारकिर्दीच्या उत्तरार्धात टोपीखाली कवटीपुरतं एक कवच घातलं, तेवढंच. खऱ्या तोफखान्यापुढची शतकंही आहेतच, १९८३ची मद्रासची नाबाद २३६ त्यातलीच.

"उंची कमी, म्हणून उसळत्या चेंडूंना घाबरला असेल," हा दुसरा समज. बुटक्याला वाकायला कमी लागतं, आणि आखूड टप्प्याचे बरेच चेंडू आपसूक डोक्यावरून जातात. खालचा तोल सगळीकडेच कामी येतो. १९८९मध्ये अमेरिकन फुटबॉलमध्ये बॅरी सँडर्स हा पाच फूट आठ इंचांचा गडी डेट्रॉइटकडून पहिल्याच हंगामात चेंडू घेऊन १४७० यार्ड पळाला. बाकीचे गडी त्याच्या कमरेपर्यंत वाकून पकडायला जात, तोवर तो निसटलेला असे. सँडर्सचं वजन मात्र नव्वद किलोच्या आसपास होतं. 'लहान' म्हणजे 'हलका' नव्हे.

आकडे मात्र लोक बरोबर सांगतात: चार कसोटी, ७७४ धावा, सरासरी १५४.८०. जॉर्ज हेडलीचा १९३०चा ७०३ धावांचा पदार्पण-मालिकेचा विक्रम मोडला. पोर्ट ऑफ स्पेनला ६५ आणि नाबाद ६७, जॉर्जटाऊनला ११६ आणि नाबाद ६४, ब्रिजटाऊनला १ आणि नाबाद ११७, शेवटी पुन्हा पोर्ट ऑफ स्पेनला १२४ आणि २२०; तेही दाढदुखीनं बेजार असताना. नशीबही होतं. झेल सुटले, त्यातले काही खुद्द सोबर्सच्या हातून. पण जीवदान सगळ्यांनाच मिळतं, त्याचं काय करायचं ते फलंदाजानं ठरवायचं.

सर्वांत अन्यायकारक समज हा, की मालिका एकट्या गावसकरनं जिंकून दिली. मालिका होती पाच कसोटींची, आणि पहिली तो खेळलाच नव्हता. बोटाच्या दुखण्यानं बाहेर बसला होता. किंग्स्टनच्या त्या पहिल्या कसोटीत भारत ५ बाद ७५ असताना मडगावच्या दिलीप सरदेसाईनं २१२ केल्या, एकनाथ सोलकर ६१ करून त्याच्या साथीला उभा राहिला. पूर्ण मालिकेत सरदेसाईच्या ६४२ धावा. किंग्स्टनला एक दिवस पावसात गेल्यामुळे तो सामना चार दिवसांचा झाला, आणि फॉलोऑनसाठी दोनशेऐवजी दीडशेची आघाडी पुरेशी ठरली. भारत ३८७, वेस्ट इंडीज २१७. कर्णधार अजित वाडेकर प्रतिस्पर्ध्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये गेला आणि सोबर्सला म्हणाला, पुन्हा तुम्हीच फलंदाजी करा.