क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा?

बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा या गावाचे नाव इतिहासात एका लढाईमुळे नोंदले गेले आहे. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी निजाम-उल्-मुल्काने या परिसरात मुबारिझखानाचा पराभव केला, दक्षिणेतील आपली सत्ता पक्की केली आणि विजयाची खूण म्हणून गावाला नवे नाव दिले, फत्तेखेर्डा. ते नाव आज कोणाच्याही ओठी नाही. शेजारच्या देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे गाव मात्र संत चोखामेळ्याचे जन्मस्थान म्हणून आजही श्रद्धेने ओळखले जाते. एका बाजूला विजेत्याने दिलेले नाव पुसले गेले. दुसऱ्या बाजूला देवळाच्या दारात ज्याने मार खाल्ला, त्याचे नाव जवळजवळ सातशे वर्षे टिकले. देवळातील पुजाऱ्याच्या गैरवर्तनाला भक्ताने कोणते उत्तर द्यावे, या प्रश्नाचा विचार करण्यास याहून योग्य भूमी क्वचितच सापडेल.

प्रश्न जुना असला तरी शिळा नाही. साखरखेर्ड्यासारख्या गावातून एखादा शिक्षक वृद्ध आईला घेऊन दूरच्या तीर्थक्षेत्री जातो. चार-पाच तास रांगेत काढल्यावर मूर्तीसमोर पोचतो, तोच आतला सेवेकरी म्हातारीला खांद्याला धरून पुढे ढकलतो. दक्षिणेसाठी ताट पुढे येते. हातात नाणे दिसले तर कपाळाला आठी पडते. आणि त्याच क्षणी ओळखीचा कोणी धनिक बाजूच्या दाराने आत घेतला जातो. परतीच्या गाडीत आई गप्प असते आणि मुलाच्या मनात देवापेक्षा पुजाऱ्याचाच चेहरा घर करून बसतो. अशा वेळी दोनच वाटा सुचतात. एक, देऊळच नको म्हणून पाठ फिरवणे. दुसरी, देवाच्या दारी भांडण कशाला, असे म्हणून सारे गिळून टाकणे. पहिल्या वाटेला स्वाभिमान म्हणतात आणि दुसरीला क्षमा. वस्तुतः ही दोन्ही नावे तपासून घेतली पाहिजेत.

संतपरंपरेने क्षमेचा महिमा गायिला आहे, यात शंका नाही. ज्ञानेश्वरांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्या मनातील दुष्टपणा तेवढा गळून पडावा, असे मागितले. तुकोबांच्या चरित्रातील मंबाजी गोसाव्याची कथा तर घरोघरी ठाऊक आहे. देहूचा हा गोसावी तुकोबांच्या वाढत्या लोकप्रियतेने जळत होता. एके दिवशी निमित्त साधून त्याने काटेरी काठीने त्यांना झोडपून काढले. रात्री कीर्तनाला मंबाजी आला नाही, तेव्हा तुकोबा स्वतः त्याच्या घरी गेले, मारून मारून त्याचेच हात दुखले असतील म्हणून त्याचे अंग चेपू लागले आणि त्याला कीर्तनाला घेऊन आले, असे चरित्रकार सांगतात. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी तुकोबांना अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या. तेच पुढे त्यांचे शिष्य झाले. या कथांतील अद्भुताचा भाग बाजूला ठेवला तरी एक व्यवहारी सत्य उरते. अपमान करणाऱ्याच्या अंगी जी कठोरता आली होती, ती प्रतिकठोरतेने वितळली नसती. नम्रतेपुढे त्याच्या कठोरतेला उभे राहण्यास आधार उरला नाही.

परंतु या कथा सांगताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. मार तुकोबांच्याच पाठीवर बसला होता आणि क्षमाही त्यांनीच केली. वह्या त्यांच्या बुडाल्या आणि राग त्यांनी सोडला. क्षमा ही ज्याला जखम झाली त्याची मालमत्ता आहे. शेजाऱ्याने ती परस्पर वाटून टाकण्याची वस्तू नव्हे. म्हातारीला ढकलले गेले असता तिच्या मागे उभ्या असलेल्या सुशिक्षित माणसाने 'जाऊ द्या' म्हटले, तर तो क्षमा करीत नाही. तो केवळ स्वतःची गैरसोय टाळतो.

चोखोबांच्या बाबतीत हा भेद अधिकच तीव्र होतो. बडव्यांनी आपल्याला मारले, ही गोष्ट त्यांनी लपविली नाही. अभंगात उघड सांगितली आणि ती थेट विठ्ठलाच्या कानावर घातली. त्यांची नम्रता मुकी नव्हती. मारणाऱ्यांना शाप त्यांनी दिला नाही, पण मार बसला हे सत्यही त्यांनी गिळले नाही. त्यांचा मुलगा कर्ममेळा याच्या अभंगांत तर देवालाच जाब विचारणारा स्वर आहे. एकाच घरातील हे दोन स्वर वारकरी परंपरेने शेजारी शेजारी जपून ठेवले. बापाची क्षमा खरी म्हणून मुलाचा प्रश्न खोटा, असा निवाडा तिने केला नाही. १३३८ साली मंगळवेढ्यात भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. ज्याला आत प्रवेश नव्हता, त्याला ओलांडून कोणालाही आत जाता येऊ नये, अशीच ती जागा आहे. तरीही त्यानंतर सहाशे वर्षे त्यांच्या समाजाला त्या द्वारातून आत जाता आले नाही, ही गोष्ट केवळ क्षमेच्या गौरवाने झाकता येणारी नाही.

येथेच एक रास्त आक्षेप उभा राहतो. ज्यांना पिढ्यानपिढ्या वाकायलाच लावले, त्यांना नम्रतेचा उपदेश कोणत्या तोंडाने करायचा? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह आरंभला. तो पाच वर्षे चालला. दार उघडले नाही. १९३५ साली येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. चोखोबांविषयी एवढा आदर असूनही चोखोबांची वाट आपल्या समाजाने पुन्हा चालावी, असे त्यांना वाटले नाही. या आक्षेपाला उत्तर एकच आहे. नम्रता ही ज्याच्या हाती बळ आहे त्याने आधी धारण करावी. दुर्बळाकडून ती मागणे हा उपदेश नव्हे, तो दुसरा अपमान होय.

साने गुरुजींनी हे ओळखले होते. पंढरीच्या विठ्ठलाचे दार त्यांना स्वतःला बंद नव्हते. अपमान त्यांचा झालेला नव्हता. म्हणून इतरांच्या वतीने क्षमा करण्याच्या फंदात ते पडले नाहीत. महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी लोकमत जागे केले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभले. बडव्यांविषयी द्वेष पसरविणे हा त्यांचा मार्ग नव्हता; क्लेश त्यांनी स्वतःच्या देहाला दिले, प्रतिपक्षाला नव्हे. १० मे रोजी, दार उघडण्याचे मान्य झाल्यावर, उपोषण सुटले. नम्रता आणि आग्रह एकाच माणसात एकाच वेळी नांदू शकतात, याचे महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासातील हे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणावे लागेल.

पुजाऱ्याच्या बाजूनेही विचार करणे हा नम्रतेचाच भाग आहे. खेड्यातला गुरव हा बारा बलुतेदारांपैकी एक. बलुते गेले, देवाची पूजा मात्र त्याच्या गळ्यात राहिली. आरतीच्या ताटातील चिल्लरीवर ज्याचे घर चालते, त्याची नजर ताटाकडे वळली तर तो अपराध सर्वस्वी त्याचा नव्हे. मोठ्या क्षेत्रांत दोष वेगळ्या तऱ्हेने शिरतो. पंढरपुरात देवापुढील उत्पन्नाचा हक्क बडव्यांमध्ये लिलावाने जात असे. ज्याने पैसे मोजून हक्क घेतला, तो ते पैसे वारकऱ्याकडूनच वसूल करणार, हे उघड होते. म्हणजे माणूस वाईट म्हणून वर्तन वाईट, एवढ्याने कारण संपत नव्हते. व्यवस्थाच त्याला तसे वागायला लावीत होती. नाडकर्णी आयोगाच्या चौकशीनंतर १९७३ साली पंढरपूर मंदिरे कायदा झाला, बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपविण्यात आले आणि दीर्घ न्यायालयीन वादानंतर जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शेवटची मोहर उमटविली. या प्रक्रियेत कोणा एका बडव्याचा सूड घेतला गेला नाही. बदलला तो पैशाचा मार्ग. माणसाला क्षमा आणि व्यवस्थेला हिशेब, हा विवेक कायद्याने येथे साधला.

हाच विवेक कायद्याची वाट न पाहताही साधता येतो, याचा दाखला साखरखेर्ड्याच्या जिल्ह्यातच आहे. गजानन महाराजांचे शेगाव संस्थान १९०८ साली स्थापन झाले. तेथे हजारो सेवेकरी विनामूल्य सेवा देतात आणि भाविकाला 'माऊली' म्हणून हाक मारतात. संस्थानची धुरा अनेक वर्षे वाहिलेले शिवशंकरभाऊ पाटील २०२१ साली निवर्तले. त्यांची साधी राहणी आणि चोख हिशेब यांविषयी लोक आजही आदराने बोलतात. तेथे भाविकाला क्षमा करण्याचे प्रसंग कमी येतात, कारण सेवेकऱ्याने नम्र असावे हा तेथील नियम आहे, अपवाद नव्हे.

तेव्हा गाडीतून परतणाऱ्या त्या शिक्षकाने काय करावे? पुजारी आपल्यावर खेकसला असेल, तर ते त्याने खुशाल विसरावे. देवाच्या भेटीची आठवण एका माणसाच्या आठीवर गहाण टाकू नये. परंतु आईला ढकलले गेले, त्याची क्षमा आईने करायची आहे. तिने केली, तरी देवस्थानच्या कार्यालयात जाऊन, आवाज न चढविता, घडले ते लिहून देणे मुलाला चुकत नाही. त्या पत्रात शिवी नसावी आणि धमकीही नसावी. पुढच्या म्हातारीला कोणी ढकलू नये, एवढीच मागणी असावी. चोखोबांनी आपले गाऱ्हाणे विठ्ठलाकडे नेले ते असेच, शाप न देता आणि सत्य न लपविता. मेहुण्याच्या वाटेवर राहणाऱ्यांना तरी हे नव्याने शिकण्याची गरज पडू नये.