मोहाची धार आणि सकाळचा उतारा

इंदूरच्या पश्चिमेस धार मागे टाकून झाबुआ-अलीराजपूरच्या डोंगराळ मुलखात शिरले, की फाल्गुन-चैत्राच्या पहाटे मोहाखाली रसाळ, उग्र गोड वासाच्या फुलांचा सडा पडलेला दिसतो; आणि ती फुले वेचून, वाळवून, मडक्यात आंबवून मंद आचेवर त्यांचा अर्क उतरवण्याची भिल्ल-भिलालांची विद्या, तिच्यावर कर बसवणाऱ्या सर्व सरकारांहून पुरातन आहे. मुंबई सरकारने 1892 साली खास कायदा करून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत या फुलांच्या व्यवहारावर निर्बंध घातले. तेच फूल मध्य प्रदेशच्या आबकारी खात्याने अलीकडे ‘हेरिटेज मदिरा’ या भारदस्त नावाने सन्मानित करून अलीराजपुरातील आदिवासी बचतगटास भट्टीचा परवाना दिला. सरकारी मर्जीचे हे परिवर्तन मनोरंजक खरे, परंतु प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून घरगुती आहे: दारू उत्तम कशी ओळखावी, ती उत्तम कशी करावी आणि दुसऱ्या दिवशीची शिरोवेदना कशी टाळावी, याविषयी लोकांत रूढ असलेल्या नुस्ख्यांची परीक्षा. इंदुरातील आमच्या मराठी घरांत दारूचा उच्चार दिवाणखान्यात होत नसे. तिच्यावरील उताऱ्याविषयी मात्र, ज्यांनी तिला कधी स्पर्शही केला नाही अशा वडीलधाऱ्यांचीही मते ठाम असत.

परीक्षेचा सर्वांत प्रसिद्ध दाखला म्हणजे आगीचा. थोडी दारू विस्तवावर शिंपडावी, निळी ज्योत उठली की माल अस्सल. इंग्रजांचा जुना प्रघातही याच जातीचा होता: बंदुकीच्या दारूवर मद्य ओतून ती पेट घेते की नाही हे पाहात, आणि त्यातूनच शेकडा सुमारे 57 भाग मद्यार्काचे ते ‘प्रूफ’ नावाचे माप निघाले, जे आपल्या आबकारी दफ्तरांत आजतागायत नांदते आहे. या कसोटीने मद्यार्काचे प्रमाण ढोबळपणे कळते, आणि तेवढ्यापुरती ती खरी आहे. अनर्थ होतो तो तिला शुद्धतेची सनद मानल्याने. कारण मिथेनॉल हे जीवघेणे विषही तितक्याच सहजतेने, तशाच निळसर ज्योतीने जळते, आणि जिभेला वा नाकाला त्याचा भेद उमगत नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये, इंदुरापासून जेमतेम दीड तासावर असलेल्या उज्जयिनीत, ‘झिंझर’ नावाच्या विषारी दारूने मजूर आणि भिक्षेकरी मेले. त्यापूर्वी 2015 साली मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसे दगावली. पहिल्या धारेची ती श्रेष्ठ, ही समजूतही अशीच तपासून घेण्याजोगी आहे. पहिली धार सर्वांत कडक असते हे निर्विवाद. पण अॅसिटाल्डिहाइडासारखी चटकन उडणारी दाहक द्रव्येही तीतच अधिक उतरतात, म्हणून अन्य देशांतील निष्णात भट्टीवाले आरंभीचा अंश बाजूला काढतात.

दारू सुधारण्याच्या युक्त्यांची कैफियत पुष्कळ बरी आहे. तांब्याच्या भांड्यात उतरवलेला अर्क मऊ लागतो हा अनुभव खोटा नाही. आंबवणात निर्माण होणारी दुर्गंधी गंधकयुक्त द्रव्ये तांबे धरून ठेवते. जपानी लोक आपली तांदळाची साके सोळाव्या शतकापासूनच, म्हणजे पाश्चराच्या जन्माआधी अडीचशे वर्षे, मंद तापवून टिकवीत आले आहेत. हातभट्टीतील नवसागराचे मात्र समर्थन करवत नाही: त्यातील नायट्रोजन यीस्टला पोषक ठरत असेल, पण पिणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

आता सकाळकडे वळू. चरकाने आपल्या संहितेतील चिकित्सास्थानाचा एक संपूर्ण अध्याय मदात्ययास, म्हणजे मद्यजन्य विकारांस, दिला आहे, आणि त्याचा धीट सिद्धांत असा, की मद्याने उद्भवलेला विकार योग्य मात्रेतील मद्यानेच शमवावा. जगभरचे मद्यपी हाच सिद्धांत ग्रंथ न वाचता आचरतात. त्याने त्रास पुढे ढकलला जातो, मिटत नाही. परंतु मिथेनॉलच्या विषबाधेत, जिथे दोन्ही अल्कोहोले यकृतातील एकाच विकरासाठी झगडतात, तिथे डॉक्टर खरोखरच मोजून इथेनॉल देत आले आहेत. चरकाचे वचन सर्वांत अचूक लागू पडले ते अशा विषाला, जे त्याच्या डोळ्यांपुढे नव्हते!

बाकी उताऱ्यांची तपासणी निराशाजनक आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2005 साली आठ प्रयोगांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात फळशर्करेपासून हातीचोक आणि निवडुंगापर्यंतचे उपाय होते, आणि एकाच्याही बाजूने खातरजमा होईल असा पुरावा निघाला नाही. पुढे 2022 च्या सुमारास एकवीस प्रयोग पुन्हा पारखले गेले, निकाल तोच. आधी बिअर की आधी वाइन, या क्रमाचा शिरोवेदनेशी संबंध नाही हे 2019 मध्ये नव्वद जणांवर ताडून पाहिले गेले. कारण साधे आहे: यकृत ताशी सात-आठ ग्रॅम मद्यार्काचा निकाल लावते आणि लिंबू, ताक, कॉफी यांपैकी कोणाचीही शिफारस ते ऐकत नाही. पिण्याआधी तूपभात खाण्यात तथ्य आहे, कारण भरल्या पोटी मद्य रक्तात सावकाश मिसळते. तोच तूपभात नंतर खाल्ला तर नुसतेच जेवण. लिंबूपाणी तहान भागवते, एवढे श्रेय त्याला द्यावे. देशी दारू नैसर्गिक म्हणून डोके धरत नाही, हा आमच्याकडील लाडका समजही टिकत नाही. 2010 च्या एका प्रयोगात, आंबवणातील सहउत्पादनांनी समृद्ध अशा बर्बनने व्होडकापेक्षा अधिक त्रास दिल्याचे आढळले; आणि मोहाच्या गावठी अर्कात अशी सहउत्पादने काही थोडी नसतात.

एक उतारा मात्र कसोटीस लावण्याच्या योग्यतेचा वाटतो. खजूर, मनुका, कोकम, चिंच, डाळिंब, फालसा आणि आवळा पाण्यात घुसळून केलेला खर्जूरादि मंथ प्राचीन वैद्यांनी मद्यविकारांवर सांगितला आहे; 2005 च्या त्या आठांत त्याचा समावेश नव्हता. जिन्नस बहुतेक इंदुरातील सियागंजच्या किराणा पेठेत मिळतात. अडचण आहे ती निराळीच: त्याची आंबटगोड चव इतकी ठसठशीत, की औषध कोणाला मिळाले आणि नुसते पाणी कोणाला, हे पहिल्या घोटातच उघड होईल, तेव्हा प्रयोग करणाऱ्याला प्रथम तितकेच आंबटगोड, तितकेच दाट, पण गुणहीन असे दुसरे पेय सिद्ध करावे लागेल.