विजेची मोटार आणि रस्त्यावरचे इतरेजन

विजेच्या मोटारीविषयी सामान्य माणसाच्या मनात जे भय आहे ते बहुतांशी आगीचे. आणि बॅटरीतील एक कोश तापला की शेजारचाही तापतो, विझवलेली आग काही तासांनी पुन्हा भडकू शकते, हे ध्यानात घेता ते अगदीच अस्थानी म्हणवत नाही. परंतु टाकीभर पेट्रोल बाळगणाऱ्या मोटारीही पेटतातच, आणि स्वीडनच्या सरकारी दफ्तरातील नोंदी पाहिल्या तर विजेच्या मोटारी पेटण्याचे प्रमाण एकंदर मोटारींहून पुष्कळच कमी दिसते. विचार करण्याजोगा प्रश्न निराळाच आहे: ही मोटार सुरक्षित म्हणावयाची ती कोणासाठी?

आत बसणाऱ्यासाठी, हे निःसंशय. शेकडो किलोंची बॅटरी तळाशी अंथरलेली असल्याने गुरुत्वमध्य खाली राहतो आणि गाडी सहसा उलटत नाही. शिवाय टकरीत जड वाहनाचा वेग हलक्याच्या मानाने कमी बदलत असल्यामुळे आतल्यांना धक्काही बेताचा बसतो. अमेरिकेत २०११ ते २०१९ या काळातील विम्याचे दावे तपासले, तेव्हा विजेच्या मोटारींतील प्रवाशांच्या दुखापतींचे दावे त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांहून चाळीस टक्क्यांनी कमी भरले. आपल्याकडे टाटांच्या नेक्सॉन आणि पंच या गाड्यांच्या विद्युत आवृत्त्यांना जून २०२४ मध्ये भारत एनकॅप या धडक-सुरक्षा चाचणीत पाच तारे मिळाले.

मात्र जे वजन आतल्याला तारते, तेच समोरच्याला भोवते. नेब्रास्का विद्यापीठाच्या चाचणीत सुमारे तीन टनांची विजेची पिकअप गाडी ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्यावर सोडली, तेव्हा तो कठडा फाडून ती जवळजवळ त्याच वेगाने पार गेली आणि मागच्या काँक्रीटच्या भिंतीवर अडली.

पायी चालणाऱ्याची अडचण याहून सूक्ष्म आहे. ब्रिटनमधील २०१३ ते २०१७ च्या अपघातांवरून लंडनच्या संशोधकांनी २०२४ साली दाखवून दिले की, तेवढ्याच अंतरामागे विजेच्या व हायब्रिड गाड्यांची पादचाऱ्यांना धडक बसण्याचे प्रमाण इतर गाड्यांच्या दुप्पट होते, आणि शहरांत त्याहूनही अधिक. मंद वेगात गाडी ऐकूच येत नाही, हे त्याचे एक संभाव्य कारण. वेग वाढला की टायरांचा आवाज पुरेसा होतो. म्हणून युरोपात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या विद्युत मोटारीवर ताशी वीस किलोमीटरपर्यंत कृत्रिम ध्वनीची सक्ती आहे. वरील आकडे त्या सक्तीपूर्वीचे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तरीही वीसच्या वेगाला नियमाने मागितलेला किमान आवाज छप्पन्न डेसिबल, म्हणजे दोन माणसांच्या साध्या बोलण्याएवढा. आणि मंडईच्या तोंडाशी, रिक्षांच्या कर्कश भोंग्यांत, तो कोणाच्या कानी पडेल याची मला दाट शंका आहे.