आधीं दुखणाइतास विचारा

सोलापुरांतील शुक्रवार पेठेंत आमच्या परिचयाचें एक एकत्र कुटुंब राहतें. घरांतील वृद्ध गृहस्थांचें हृदय दुबळें झालें होतें. पाय सुजत, उताणें निजवत नसे, उशांना टेकून रात्र काढावी लागे. दोन वर्षांत चार वेळां ते रुग्णालयांत गेले व चारही वेळां सांवरून घरीं आले. चौथ्या खेपेनंतर ते थोरल्या सुनेस म्हणाले, "सूनबाई, पुन्हां त्या नळ्यांत मला अडकवूं देऊं नकोस. देवघर दिसेल अशा ठिकाणीं निजव."

पुढें एका मध्यरात्रीं त्यांची शुद्ध हरपली. कृत्रिम श्वासाचें यंत्र लावावें काय, असें डॉक्टरांनीं विचारलें. एक मुलगा 'होय' म्हणाला, दुसरा 'नको' म्हणाला. सुनेस कोणी विचारलें नाहीं, आणि वडीलधाऱ्यांपुढें तिलाही बोलवलें नाहीं. नऊ दिवस यंत्र चाललें. आजोबा गेले, भावाभावांतील अबोला मात्र राहिला.

या घरांत प्रेमाची उणीव नव्हती. 'अभद्र बोलूं नये' हा आपल्या सर्वांच्याच घरचा दंडक येथें आडवा आला. परंतु या दुखण्यांत तो दंडक पाळणें फार महाग पडतें. हृदय दुबळें होतें म्हणजे तें एकाएकीं थांबतें असें नव्हे. रक्त पुढें ढकलण्याची त्याची शक्ति उणावते आणि फुप्फुसांत व पायांत पाणी सांचतें. रोगी खालावतो, औषधानें सांवरतो, पुन्हां खालावतो. आणि कधीं चांगला हिंडताफिरता असतांनाच अकस्मात् जातो. 'वेळ आली कीं बोलूं' म्हणणाऱ्यास ती वेळ सांपडत नाहीं. म्हणून बरें वाटत असतांनाच बोलावें.

काय विचारावें ? श्वासाचें यंत्र हवें कीं नको. हृदय थांबल्यास छाती दाबून तें पुन्हां चालूं करण्याचा यत्न करावा काय. अखेरचे दिवस घरीं काढावे कीं रुग्णालयांत. आणि आपली वाचा गेल्यास आपल्या वतीनें कोणीं बोलावें. छातींत झटका देणारें उपकरण बसविलें असल्यास, अखेरीस त्याचे झटके बंद ठेवतां येतात, हेंही डॉक्टरांकडून समजून घ्यावें. यंत्र नाकारणें म्हणजे उपचार नाकारणें नव्हे. सूज उतरविणारीं औषधें चालू राहतात आणि श्वासाची तगमग कमी करण्यास डॉक्टर अल्प मात्रेंत मॉर्फिनही देऊं शकतात.

१९८२ सालीं पवनार येथें हृदयविकाराचा झटका आल्यावर विनोबांनीं अन्न व औषध नाकारलें आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. तसा निग्रह सामान्य गृहस्थाकडून कोणी मागत नाहीं. परंतु आपल्या मनांतलें स्पष्ट सांगणें तर प्रत्येकास शक्य आहे.

कायदाही आतां अनुकूल आहे. सर्वोच्च न्यायालयानें ९ मार्च २०१८ रोजीं वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली व २४ जानेवारी २०२३ रोजीं त्याची रीत सुलभ केली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून तें नोटरीकडून अथवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करावें. त्यांत आपल्या वतीनें बोलणाऱ्या आप्ताचें नांव घालावें. एक प्रत घरच्या डॉक्टरांस व एक महानगरपालिकेच्या वा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्यास द्यावी. मन पालटल्यास तें केव्हांही लेखी रद्द करतां येतें. कोणी त्याचा दुरुपयोग करील ही भीति नको. रोग असाध्य ठरून, डॉक्टरांच्या दोन मंडळांनीं अनुमति दिल्यावांचून त्याचा अंमल होत नाहीं. गोव्यांत उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति महेश सोनक यांनीं २०२४ च्या मे महिन्यांत स्वतःचें असें इच्छापत्र नोंदविलें.

परंतु कागदाआधीं बोलणें हवें, आणि प्रत्येक आजारपणानंतर तें पुन्हां व्हावें.

शुक्रवार पेठेंतील त्याच घरांत पुढें आजींनाही धाप लागूं लागली. या वेळीं दोघे मुलगे व सुना त्यांच्याभोंवतीं बसल्या. आजी म्हणाल्या, "संक्रांतीचा गड्डा नातवंडांबरोबर पाहायचा आहे, त्यासाठीं सांगाल तें औषध घेईन. पण यंत्र नको. आणि माझी वाचा गेली, तर माझ्या वतीनें थोरल्या सुनेनें बोलावें." थोरल्या सुनेनें तें वहींत उतरून घेतलें. दोघा भावांनीं त्याखालीं सह्या केल्या.