पिवळ्याचं लाल करणारे आपले पूर्वज

करमाळा तालुक्यातलं केम हे कुंकवाचं गाव. हळदीला क्षाराची जोड मिळाली की पिवळा रंग तांबडा होतो, हे पारंपरिक कुंकवाचं मर्म. करून बघा: तळहातावर चिमूटभर हळद, त्यावर बोटाने ओला चुना, आणि चोळा. लगेच लाल! मुका मार लागल्यावर घरोघरी हाच तर लेप लावतात.

पिवळ्याचं लाल करायची ही हौस शेतीपेक्षा कितीतरी जुनी आहे. तेव्हा हाताशी होती पिवळी माती. तिच्यातल्या लोहखनिजात पाणी बांधलेलं असतं. तीनशे अंशांच्या आसपास तापवलं की ते उडून जातं आणि मातीचा लाल गेरू होतो. साध्या चुलीवर जमणारं रसायनशास्त्र! इस्राएलमधल्या कफझेह गुहेत सुमारे ९२ हजार वर्षांपूर्वीच्या गेरूवर अशा तापवण्याच्या खुणा अभ्यासकांना दिसल्या.

दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोम्बोस गुहेत तर अख्खा रंगाचा कारखानाच मिळाला. एक लाख वर्षांपूर्वी कुणीतरी गेरू दगडावर वाटला, त्यात हाडांचा चुरा आणि कोळसा मिसळला आणि मोठ्या शिंपल्यात कालवला. म्हणजे कच्चा माल, कृती आणि साठवणीचं भांडं, सगळं ठरलेलं. हे वाचून मी तरी थक्क झालो.

एवढं लांब कशाला? केमच्या तालुक्यातून वाहणारी भीमाच धरा. खाली कर्नाटकात, भीमा-कृष्णेच्या दुआबात, हुणसगी आहे. तिथे हातकुऱ्हाडी वापरणाऱ्या अश्मयुगीन माणसांच्या थरात गेरूचा खडा मिळाला, एका अंगाने घासून झिजलेला. खडूसारखा दगडावर ओढला असावा!

आता वर चला. भीमेला मिळणाऱ्या घोड नदीकाठी इनामगाव. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं; हसमुख सांकळिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या या गावात कुंभार, सोनार, मणी घडवणारे असे कारागीर होते, आणि चक्क चुना भाजणारासुद्धा! चुनखडी भाजायला नऊशे अंशांच्या आसपास आच लागते, म्हणजे भट्टीवर त्यांची हुकमत किती असेल बघा.

त्याच हुकमतीतून आली जोर्वे पद्धतीची भांडी: लाल अंगावर काळी नक्षी, तोटीचे चंबू. भट्टीत हवा खेळती ठेवली की मातीतलं लोह लाल होतं; धूर कोंडला तर काळं पडतं. भाजणी इतकी पक्की, की खापरावर टिचकी मारली तर धातूसारखं खणखणतं. पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात ही भांडी आहेत. केमहून रेल्वेने पुणं काही लांब नाही. सुट्टीत पोरांना घेऊन जाऊन याच.