चव्वेचाळीस-सोळा

व्हिडिओ कॉलवर सायकल दाखवली तेव्हा सांगलीच्या बाबांनी किंमत विचारलीच नाही. "चिमटा सरळ आहे का बघ आधी," ते म्हणाले. "समोरनं नको, बाजूनं बघ." कॅलिफोर्नियात लाँग बीचला लागून असलेल्या लेकवुडमध्ये एका गॅरेजसमोर घरातल्या जुन्या सामानाची विक्री चालली होती. भांडी, गोल्फच्या काठ्या, लहान मुलांची खेळणी आणि त्यांच्यामागे भिंतीला टेकलेली ती बुटकी सायकल. मुलीनं ती आडवी वळवून कॅमेऱ्यासमोर धरली. चिमटा सरळ होता. मग चौकटीवरच्या अर्धवट सुटलेल्या स्टिकरवरचं नाव तिनं वाचून दाखवलं, 'मंगूज', आणि तिकडे सांगलीत हशा पिकला. "मुंगूस? अगं, मग घे की! शुभ असतं."

शब्द खरोखरच आपला आहे. इंग्रजीतला 'मंगूज' मूळचा मराठी 'मुंगूस', पोर्तुगिजांच्या तोंडून पुढे गेलेला. १९७४च्या सुमारास स्किप हेस यांनी कॅलिफोर्नियात एक छोटी कंपनी काढली. मुलं सायकलवरून उड्या मारत आणि आऱ्यांची चाकं मोडत, म्हणून त्यांनी एकसंध ओतीव चाक बाजारात आणलं. पुढे त्यांच्या सायकलींवर 'मंगूज' हे नाव आलं. ते नाव एका सांगलीकर मुलीच्या हातात ८० डॉलरला परत आलं, एवढ्याच कुतूहलापोटी प्रस्तुत लेखक ही दुरुस्ती पाहायला गेला. तिथे गेल्यावर मात्र लक्ष शब्दावर राहिलं नाही. ते एका माणसाच्या हातांवर खिळलं.

मुलीची गरज साधी होती. घरापासून मेट्रोच्या ए लाइनचं स्टेशन ३ किलोमीटर, तिथून गाडीनं लॉस एंजेलिसच्या मध्यभागातलं ऑफिस. रोज चालत जायला वेळ जातो, मोटार नेली तर ती दिवसभर उभी करायचे पैसे पडतात. मोठी सायकल गर्दीच्या डब्यात दाराशी अडते. २० इंची चाकांची बीएमएक्स लांबीला बरीच कमी असते, डब्याच्या कोपऱ्यात उभी राहते. १९८०च्या दशकातली ही सायकल क्रोम केलेल्या पोलादाची होती, गंजानं ठिपकेदार झालेली, पण चौकटीला कुठे भेग नव्हती. विकणाऱ्या बाईंचा मुलगा ती चालवायचा आणि आता त्यालाच मुलं होती. मुलीनं चौकटीचा क्रमांक चोरीच्या सायकलींच्या नोंदीत तपासला आणि मगच पैसे दिले.

बीएमएक्स म्हणजे बायसिकल मोटोक्रॉस. मोटरसायकलच्या मातीतल्या शर्यतींची नक्कल करणाऱ्या मुलांचा हा खेळ याच दक्षिण कॅलिफोर्नियात वाढला. १९६३ साली आलेली श्विनची 'स्टिंग-रे' ही लहान चाकांची सायकल त्यांच्या हाती होतीच. १४ नोव्हेंबर १९७० रोजी याच लाँग बीचमध्ये एका मोकळ्या मैदानावर तेरा वर्षांच्या स्कॉट ब्राइथॉप्टनं शर्यत भरवली. प्रवेश फी २५ सेंट, आणि बक्षीस म्हणून स्वतः मोटरसायकलवर जिंकलेल्या ट्रॉफ्या. २००८ साली बीजिंगमध्ये हीच शर्यत ऑलिम्पिकमध्ये धावली. म्हणजे ही सायकल ऑफिसला जाण्यासाठी बनलेलीच नाही. ती मिनिटभराच्या धावेसाठी, उडीसाठी आणि पडण्यासाठी बनली. तिच्यावर रोज सकाळी डबा आणि लॅपटॉप घेऊन बसायचं, तर काय बदलायचं आणि काय नाही, हा सगळा प्रश्न होता.

उत्तर मिळालं ते एका सामुदायिक वर्कशॉपमध्ये. लॉस एंजेलिसच्या परिसरात अशा जागा आहेत. 'बायसिकल किचन' तर २००२ साली एका घराच्या स्वयंपाकघरात सुरू झालं. लाँग बीचमधल्या या वर्कशॉपमध्ये आठवड्यातून तीन संध्याकाळी सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ येतात. आयुष्य विमानांच्या कारखान्यात गेलं, आता विनामोबदला सायकली उघडायला शिकवतात. उघडून देत नाहीत, हे महत्त्वाचं. पाना सायकल आणणाऱ्याच्या हातात देतात आणि स्वतःचे हात मागे बांधतात.

आत शिरताच वास येतो तो संत्र्याच्या सालीचा. आपल्याकडे सायकलच्या दुकानात रॉकेलच्या ताटलीत छर्रे धुतात, तिथे संत्र्याच्या अर्काचं द्रावण वापरतात. चाळीस वर्षं साचलेलं काळं ग्रीस आणि संत्र्याची साल. लेखक पुढे तीनदा तिथे गेला, आणि प्रत्येक वेळी दाराशीच तो वास ओळखीचा वाटला.

त्यांनी पहिल्यांदा दाते मोजायला लावले. पुढे ४४, मागे १६. "चव्वेचाळीस-सोळा," ते समाधानानं म्हणाले. मुलीला वाटलं होतं, शर्यतीची सायकल म्हणजे रस्त्यासाठी हे प्रमाण बदलावं लागेल. त्यांनी खडूनं फळीवर हिशेब मांडला. पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ४.३ मीटर जाते. ३ किलोमीटरला ७०० फेऱ्या. मिनिटाला ७० मारल्या तर दहा मिनिटं. लाँग बीच सपाट शहर, चढ नाही. "चव्वेचाळीस-सोळाला हात लावू नकोस." त्या संध्याकाळी हा आकडा त्यांच्या तोंडून चार वेळा आला.

मग क्रँक. जुन्या अमेरिकन बीएमएक्सचा क्रँक म्हणजे एकच पोलादी दांडा. उजवा हात, मधला आस आणि डावा हात मिळून एकसंध, वाकवून केलेला. कॉटर पिन नाही, खिळा नाही. तो काढायचा तर आधी डावं पायडल काढायचं. मुलीनं जोर लावला, पाना हलेना. गृहस्थ काही बोलले नाहीत. तिनं पुन्हा जोर लावला. तिसऱ्यांदा त्यांनी फक्त तर्जनी हवेत उलटी फिरवली. डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, पायडलचेही आणि आतल्या नटाचेही. पाना उलट फिरताच करकरत सुटला. नट, वॉशर, कोन, छर्ऱ्यांची पिंजरी असं एकेक ताटलीत पडलं. आणि मग तो वाकडा दांडा चौकटीच्या भोकातून उजवीकडे ओढून काढायचा क्षण. सरळ ओढला तर अडकतो. थोडा तिरका, थोडा वर, मग मनगट वळवून खाली, जशी ओल्या हातातून घट्ट बांगडी काढावी. बाहेर आला तेव्हा मुलगी तो दोन्ही हातांत धरून थोडा वेळ नुसती पाहत उभी राहिली. एवढंच? आतमध्ये एवढंच असतं? गृहस्थांनी मान डोलावली. हो, एवढंच.

साफसफाई, ग्रीस, नवे छर्रे, नवी चेन हे सगळं दोन संध्याकाळी उरकलं. क्रोमवरचा गंज ॲल्युमिनियमच्या कागदाचा बोळा व्हिनेगरमध्ये बुडवून घासला. कागद क्रोमपेक्षा मऊ, म्हणून चरे पडत नाहीत. चौकट उजळली, काही ठिपके मात्र खोल गेलेले होते, ते राहिले.

चुका झाल्या त्या खरेदीत. मुलीनं एका दुकानातून नवी पायडलं आणली, ती बसेनात. एकसंध क्रँकची भोकं अर्ध्या इंचाची असतात, दुकानात बहुतेक वेळा नऊ सोळांश इंचाची पायडलं मिळतात. टायरचंही तसंच. डब्यावर '२० इंच' छापलेलं असलं तरी २० इंचाचे दोन वेगळे टायर आहेत, एक ४०६ मिलिमीटरच्या रिमचा, दुसरा ४५१चा. एक दुसऱ्यावर कधीच चढत नाही. मुलीनं ४५१ आणला होता. दुकानदारानं विचारलंही नाही आणि परतही घेतला नाही. अशा वेळी चिडायला होतं ते पैशांपेक्षा वाया गेलेल्या संध्याकाळीमुळे.

सीटचा दांडा तिनं लांब घेतला. बीएमएक्सची सीट मुद्दाम खाली असते, कारण उडी मारताना बसायचंच नसतं. रोज तसं चालवलं तर गुडघे हनुवटीला येतात आणि महिनाभरात कुरकुरू लागतात. दांड्यावरची खूण चौकटीच्या आतच राहील इतकाच तो वर घ्यायचा, हे गृहस्थांनी दोनदा बजावलं. मडगार्ड, पुढे पांढरा दिवा, मागे लाल.

आणि शेवटी रिम. चाकांच्या रिम मूळच्या, क्रोमच्या पोलादी. दिसायला आरशासारख्या. गृहस्थांनी सायकल स्टँडवर चढवली, पाण्याची फवाऱ्याची बाटली घेतली आणि रिमवर चार फवारे मारले. "आता ब्रेक दाब." मुलीनं मूठ आवळली. ब्रेकचं रबर रिमला घट्ट चिकटलेलं दिसत होतं. त्यांनी तळव्यानं चाक ढकललं. चाक फिरलं. तिनं दोन्ही हातांनी दाबलं. चाक तरीही सुळकन फिरलं. खोलीत कोणी बोललं नाही. ओल्या पोलादावर रबर धरत नाही, ॲल्युमिनियमवर धरतं. लाँग बीचमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो, पण पडतो तेव्हा सिग्नल लाल व्हायचे थांबत नाहीत.

रिम बदलायला एका माणसाचा विरोध होता. जुन्या बीएमएक्स जमवणारे हे संग्राहक त्याच वर्कशॉपमध्ये भाग शोधायला येतात. मूळ रिम, मूळ हॅण्डल, मूळ सीट असलेली सायकल दर वर्षी कमी होत चालली आहे, लांब दांडा आणि मडगार्ड लावून तिचं रूप गेलं, असं त्यांचं म्हणणं. ते कळवळ्यानं बोलत होते आणि त्यांचं म्हणणं सहज झटकून टाकण्यासारखं नाही. या वस्तू खरोखर कुणीतरी जपल्या नाहीत तर उरणार नाहीत. पण लेकवुडच्या गॅरेजमध्ये ती सायकल कितीतरी वर्षं मूळ रूपातच उभी होती, आणि तिचे छर्रे गंजून एकमेकांना चिकटले होते. लेखकाचं मत विचाराल तर ते मुलीच्या बाजूचं आहे. मूळ रिम तिनं फेकल्या नाहीत, तेल लावून, कापडात गुंडाळून पलंगाखाली ठेवल्या आहेत.

नव्या रिमवर चाक बांधायला अख्खी संध्याकाळ गेली. ३६ आरे, प्रत्येक तीन आऱ्यांना ओलांडून. मग आऊट काढणं. आपल्याकडे कोपऱ्यावरचा दुकानदार सायकल उलटी करून, अंगठा चिमट्याला टेकवून, नजरेनं आऊट काढतो, तिथेही तसंच. बाबा सांगलीहून पाहत होते, तिकडे सकाळ होती. "डावीकडचा ढिला कर, पाव फेरी," ते म्हणाले. गृहस्थांना मराठी कळत नव्हतं, पण त्यांनी त्याच आऱ्याकडे बोट दाखवलं.

पहिला पाऊस आला त्या सकाळी मुलगी स्टेशनवर कोरड्या मोज्यांनी पोहोचली, ब्रेक लागले. मात्र आठवडाभरात एक 'टक्' ऐकू येऊ लागलं, दर फेरीला एकदा. तिनं मोजलं, पायडलची फेरी आणि आवाज यांचा मेळ बसत होता, चाकाशी नाही. गुरुवारी ती वर्कशॉपमध्ये आली तेव्हा गृहस्थ एका शाळकरी मुलाचं पंक्चर शिकवण्यात गुंतले होते. तिनं सायकल स्टँडवर चढवली. गृहस्थांनी तिथूनच विचारलं, "कोणतं?"

"डावं," ती म्हणाली. फळीवरचा पाना उचलला आणि घट्ट करायला उलटा फिरवला.