काळा चिमटा कुठं लावायचा?

आमचे मामा आता थकलेत, म्हणून भाऊबीजेला आईच बेळगावहून कोल्हापूरला जाते. गेल्या वर्षी पहाटे ६ वाजता आई मागच्या सीटवर बसली, मी सेल्फ मारला आणि नुसतं ‘कट कट’. आदल्या संध्याकाळी फराळाचे डबे ठेवताना मागचं दार नीट लागलं नव्हतं. आतला दिवा रात्रभर चालू. बॅटरी ४ वर्षांची, तिनं मान टाकली.

शेजारच्या काकांनी आपली गाडी शेजारी आणून लावली, दोन्ही गाड्या एकमेकींना चिकटणार नाहीत इतकं अंतर ठेवून. दोन्ही इंजिनं बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. जंपर केबल माझ्याकडे होती. लाल चिमटा आधी आमच्या उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा लाल काकांच्या प्लसला. मग काळा काकांच्या मायनसला. उरलेला काळा मी सरळ आमच्या मायनसला लावणार, तेवढ्यात काका ओरडले, ‘‘अरे थांब! तिथं नको.’’

मी चिडलो. बी.ई. झालोय, सर्किट मला कळतं! बॉडी मायनसलाच जोडलेली, मग फरक काय?

फरक ठिणगीचा. शेवटची जोडणी होताना सर्किट पूर्ण होतं आणि ठिणगी तिथंच उडते. लेड-ॲसिड बॅटरीतून, विशेषतः चार्जिंग होताना, हायड्रोजन सुटतो. हवेत त्याचं प्रमाण जेमतेम ४ टक्के झालं तरी तो पेट घेऊ शकतो. बॅटरी फुटली तर आतलं सल्फ्युरिक ॲसिड वाकून बघणाऱ्याच्या तोंडावर. म्हणून तो चिमटा बॅटरीपासून लांब, इंजिनच्या रंग नसलेल्या जाड धातूला लावायचा. पंखा, बेल्टपासून दूर. लावला, बारीकशी ठिणगी उडालीच. मी गप्प.

काकांची गाडी ५ मिनिटं चालू ठेवली, मग आमची सुरू झाली. चिमटे काढताना उलटा क्रम, म्हणजे इंजिनवरचा काळा सगळ्यात आधी.

प्लस-मायनस उलटं लागलं तर फ्यूज उडतात, गाडीचा कॉम्प्युटरही जाऊ शकतो. बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा गळत असेल तर हातच लावू नका, मेकॅनिकला बोलवा. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी असेल तर आधी तिचं मॅन्युअल. काही गाड्यांत बॅटरी डिकीत असते आणि जोडणीची जागा बॉनेटखाली, तेही मॅन्युअलमध्येच सापडतं. धक्का मारायचा विचार असेल तर ऑटोमॅटिक गाडीत तो चालत नाही, आणि बॅटरी पूर्ण संपली असेल तर हल्लीच्या मॅन्युअल गाडीतही इंधन पंपाला करंट मिळत नाही.

माझी ऑनलाइन घेतलेली स्वस्त केबल मात्र हाताला गरम लागली. सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो, बारीक तारेचं ते काम नव्हे.

कोल्हापूरपर्यंत मी इंजिन बंद केलं नाही. मामांच्या दारात केलं, आणि आई उतरायच्या आत परत सेल्फ मारून बघितला. लागली. फराळाचा एक डबा तेवढा कमी भरला, तो आईनं निघतानाच काकांच्या हातात दिला होता.